निविदेतलं 'प्रमाणित ऑपरेटिंग सिस्टिम' हे कलम आणि डेबियन, आल्मा वगैरे

वारणाकाठ (धागाकर्ते)

आमच्या सहकारी संस्थेत नवे सर्व्हर घ्यायचं घाटतंय. निविदेच्या मसुद्यात एक ओळ आहे: "ऑपरेटिंग सिस्टिम हार्डवेअर उत्पादकाने प्रमाणित केलेली असावी." दिसायला साधी ओळ. पण तिच्यामुळे स्वयंसेवकांनी चालवलेलं डेबियन लिनक्स थेट बाद होतं आणि अनेक मॉडेलांवर आल्मा, रॉकी ही रेड हॅटशी सुसंगत मोफत लिनक्ससुद्धा. उरतात रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांची लिनक्स, विंडोज सर्व्हर आणि काही ठिकाणी उबुंटू. आमच्या फाइल सर्व्हरपासून मेलपर्यंत सगळं गेली कित्येक वर्षं डेबियनवर बिनबोभाट चालू आहे, आणि आता केवळ या ओळीपायी ते बदला म्हणतायत.

बैठकीत एकाने सुचवलं की डेबियननेच कंपन्यांकडून प्रमाणपत्रं मिळवावीत, म्हणजे प्रश्न मिटेल. मला हे मुळातच पटत नाही. डेबियनने प्रमाणपत्रामागे धावू नये आणि आपण ग्राहकांनीही ते मागू नये. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असावा, फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) कुठल्याही लिनक्सवरून बदलता यावं आणि वॉरंटीचा ऑपरेटिंग सिस्टिमशी संबंध नसावा.

कंपनीच्या पाठिंब्याचा प्रयोग डेबियनने पाहिलेला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिनक्सवर्ल्ड प्रदर्शनात एचपीने जाहीर केलं की प्रोलायंट सर्व्हरवर डेबियन ३.१ ला आपण सपोर्ट देऊ. २००२-०३ मध्ये डेबियनचे प्रकल्पप्रमुख राहिलेले बडेल गार्बी तेव्हा एचपीतच होते. फार मोठी गोष्ट होती ती. पण आज मागे वळून बघितलं तर डेबियनवाल्यांच्या उपयोगी पडलं काय? एचपीच्या रेड (RAID) कंट्रोलरचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डांचे ड्रायव्हर, आधी सीसिस आणि नंतर एचपीएसए, मुख्य कर्नलमध्ये होते, हे. आणि व्यवस्थापनाची टूल्स डेबियनच्या पॅकेजांच्या रूपात एचपीच्या भांडारात मिळत राहिली, हे. घोषणा विसरली गेली तरी त्या गोष्टी कामाला येत राहिल्या.

गणेशखिंड

वारणाकाठ, पूर्ण असहमत. मी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आहे, तिथून लिहितो.

ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे म्हणजे सपोर्ट आहे, असं होत नाही. एका रात्री आमच्याकडे स्टोरेजचे मार्ग एकामागून एक पडत होते, परत येत होते, परत पडत होते. सर्व्हर स्टोरेजला जोडणारं फायबर चॅनेल कार्ड एका कंपनीचं, स्टोरेज दुसऱ्या, ऑपरेटिंग सिस्टिम तिसऱ्या. तिघांचे इंजिनिअर एकाच कॉलवर बसले, कारण तिघंही एकमेकांच्या सुसंगततेच्या यादीत होते आणि कोणालाच "हे आमचं नाही" म्हणून अंग काढून घेता येत नव्हतं. तिथे डेबियन असतं तर पहिल्या दहा मिनिटांत स्टोरेजवाल्याने केस बंद केली असती. प्रमाणपत्र मला हवं असतं ते यासाठी. तांत्रिक गुणवत्तेचा दाखला म्हणून मी त्याच्याकडे बघतच नाही.

आणि वरचं सॉफ्टवेअर? ओरॅकल डेटाबेस त्यांच्या स्वतःच्या लिनक्सवर, रेड हॅटवर आणि सुसेवर. सॅप हाना हा डेटाबेस सुसे आणि रेड हॅटवर. डेबियन या याद्यांत नाही. शिवाय रेड हॅट ठरावीक कर्नल इंटरफेस जपते, त्यामुळे कंपनीने वेगळा दिलेला ड्रायव्हर अपडेटनंतर लगेच मोडत नाही. त्यात कुणाची तरी पगारी मेहनत असते, आणि तिचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

वारणाकाठ

गणेशखिंड, तुमच्या ओरॅकलच्या सर्व्हरला मी हात लावत नाहीये. माझा आक्षेप सरसकट कलमाला आहे.

आपल्याकडे कंपनीला फोन जातो तो बहुतेक वेळा कशासाठी? डिस्क गेली, पॉवर सप्लाय गेला, मेमरीची पट्टी चुका दाखवतेय. यातलं काहीही ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नाही. एचपीचं आयएलओ घ्या किंवा डेलचं आयड्रॅक, तो बोर्डावरचा स्वतंत्र छोटा संगणक आहे. सर्व्हर बंद असला तरी वीज आहे तोवर तो चालू असतो. नोंदी तिथूनच उतरवायच्या आणि कंपनीला पाठवायच्या. तरीही आमच्याकडे एकदा मेमरीची पट्टी बदलून मागितली, आयएलओसारख्याच पॅनलमध्ये लाल खूण स्पष्ट दिसत होती, आणि फोनवरचा माणूस म्हणाला, "आधी सपोर्टेड ओएस टाका, मग केस उघडू." पट्टी बदलायला ओएस कशाला लागते? शेवटी वरिष्ठाला मेल केल्यावर पट्टी आली, पण चार दिवस तो सर्व्हर निम्म्या मेमरीवर चालवला. या कलमाने त्या माणसाच्या हातात नकाराचं आयतं कारण दिलं होतं.

पंचगंगा

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर लिनक्स स्टँडर्ड बेसची आठवण काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. कल्पना उत्तम होती: एकदा प्रोग्राम बांधा, प्रमाणित असलेल्या कुठल्याही डिस्ट्रोवर (डेबियन, रेड हॅटसारख्या लिनक्सच्या तयार संचावर) चालवा. पहिली आवृत्ती २००१ ला आली, २००६ मध्ये आयएसओचं मानक म्हणून क्रमांकही मिळाला, २३३६०. डेबियनचे संस्थापक इयन मरडॉक स्वतः त्या कामात पुढे होते.

पण मानकात पॅकेजचा नमुना ठरला आरपीएम, म्हणजे रेड हॅट घराण्याचा. डेबियनने 'एलियन' नावाच्या टूलने आरपीएमचं रूपांतर करून ती अट भागवली. हजारो इंटरफेसची यादी, ती पाळायला स्वयंसेवकांचे तास, आणि त्या मानकावर प्रमाणित झालेली व्यावसायिक सॉफ्टवेअर्स मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०१५ मध्ये डेबियनने ते काम सोडून दिलं. आवृत्ती ओळखण्यासारखे थोडे भाग तेवढे ठेवले.

आपल्याकडचं उदाहरण बघा. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेलं, आणि त्याला या मानकाचं प्रमाणपत्र होतं. म्हणून ओरॅकलने आपल्या यादीत बॉस घातलं का? नाही. कंपनी बघते ती गिऱ्हाईक किती आणि सपोर्टचा खर्च किती. चाचणी पास झाल्याने त्यात काही फरक पडत नाही. म्हणून माझा वारणाकाठ यांना पाठिंबा. जे काम मानकाने व्हायचं होतं त्यातलं बरंचसं पुढे कंटेनरने उरकलं, कारण प्रोग्राम आपल्या लायब्ररी सोबत घेऊनच येतो.

अंबाझरी

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबचं बघते. मला या धाग्यात एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटलेली दिसते. प्रमाणपत्राच्या मागे चाचणी असते. ती आवृत्ती त्या मॉडेलवर कोणीतरी प्रत्यक्ष चढवून पाहिलेली असते.

डेबियन ६ आठवतंय का? फेब्रुवारी २०११. मुक्त नसलेलं फर्मवेअर कर्नलमधून वेगळं काढलं. तत्त्व म्हणून मला ते समजतं. पण त्या काळात एचपी आणि डेलच्या कितीतरी सर्व्हरवर ब्रॉडकॉमचं नेटवर्क कार्ड होतं, बीएनएक्स२ ड्रायव्हरवालं. इन्स्टॉलर अर्ध्यात थांबायचा आणि फर्मवेअरच्या फाइलचं नाव दाखवून म्हणायचा, पेन ड्राइव्हवर आणून द्या. नेटवर्क कार्डच चालत नाही, म्हणजे ती फाइल त्या मशीनवर उतरवताही येत नाही. दुसरा संगणक शोधा, बरोबर आवृत्तीचं पॅकेज शोधा, पेन ड्राइव्ह बनवा. मुलांना लिनक्सची गोडी लावायची आणि पहिल्याच तासाला हे! अर्धी मुलं तिथेच मागे फिरली, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे सुधारलं कधी? २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान केलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. मधली १२ वर्षं कोणी भरून द्यायची? कंपनीशी औपचारिक नातं असतं, प्रत्येक आवृत्तीआधी तिच्या मशीनवर चाचणीची सक्ती असती, तर ही तक्रार इतकी वर्षं रेंगाळली नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

दूरदेशी

मी युरोपातल्या एका संशोधन संस्थेत संगणक विभागात आहे. अंबाझरीताई, चाचणीबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. पण प्रमाणपत्राला वय असतं, आणि आमच्यासारख्यांची अडचण नेमकी तिथून सुरू होते.

रेड हॅटने आवृत्ती ८ आणि ९ मध्ये जुन्या कार्डांचा सपोर्ट काढायला सुरुवात केली. त्यात वर ज्याचं नाव आलंय त्या एचपीएसएची जुनी कार्डं होती, मेगारेड या दुसऱ्या रेड कंट्रोलरची जुनी कार्डं होती. मुख्य कर्नलमध्ये ड्रायव्हर धडधाकट आहे, मशीन धडधाकट आहे, फक्त प्रमाणित डिस्ट्रोने त्या कार्डाचे क्रमांक यादीतून खोडले. ते परत कोणी घातले? आल्माने, मे २०२४ च्या ९.४ मध्ये. पुढे रेड हॅट १० ने प्रोसेसरची किमान पातळी वाढवली, साधारण २०१३ च्या आधीचे इंटेल सर्व्हर बाहेर पडले. आल्मा १० ने जुन्या पातळीसाठी वेगळी बांधणी दिली. सर्न आणि फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या प्रयोगांसाठी आल्माची शिफारस केली, ती काही भाबडेपणाने नव्हे. तिथे हजारोंनी मशीन्स असतात आणि प्रत्येकाची वॉरंटी कधीच संपलेली असू शकते.

पैसा मोजून मापून असलेल्या संस्थेला वॉरंटीनंतरची वर्षंच जास्त महत्त्वाची. तेव्हा प्रमाणपत्र देणारी कंपनी तुमच्यासोबत नसते.

गणेशखिंड

दूरदेशी, आल्मा मुळात रेड हॅटशी सुसंगत राहतं म्हणून कंपन्यांचे ड्रायव्हर त्यावर चालतात. म्हणजे प्रमाणनाचा खर्च रेड हॅटने करायचा आणि फळ इतरांनी खायचं. जो हे काम करतो त्याला उत्पन्न मिळालं नाही तर उद्या ते काम करणार कोण?

शिवाय डिसेंबर २०२० विसरू नका. सेंटओएस ८ ला, म्हणजे रेड हॅटच्या मोफत प्रतिकृतीला, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं सगळे धरून चालले होते, आणि जाहीर झालं की २०२१ अखेर बंद. ज्यांच्याकडे करार नव्हता ते रस्त्यावर आले. आमच्या ओळखीतल्या कितीतरी छोट्या होस्टिंगवाल्यांनी त्या वर्षी रात्री जागून स्थलांतर केलं.

पंचगंगा

गणेशखिंड, सेंटओएस २०१४ पासून रेड हॅटच्याच छत्राखाली होतं. बंद करण्याचा निर्णय कंपनीचा होता, समुदायाचा नव्हे. जून २०२३ मध्ये रेड हॅट लिनक्सच्या सोर्स कोडची वाट अरुंद करण्याचा निर्णयही कंपनीचाच. या दोन्ही घटनांवरून मी उलटा निष्कर्ष काढतो: एका कंपनीच्या मर्जीवर उभं असलेलं काहीही 'समुदायाचं' म्हणून धरून चालू नये. डेबियन १९९३ पासून चालू आहे, कोणाच्या ताळेबंदावर अवलंबून नाही. प्रत्येक स्थिर आवृत्तीला तीन वर्षं आणि वर दोन वर्षं दीर्घ सपोर्ट, त्यापुढे पैसे देऊन वाढवून घेता येतो. 'करारच नाही' हे डेबियनला लागू होत नाही. करार करायला माणसं आहेत, फक्त ती हार्डवेअर कंपनीत बसत नाहीत.

मांडवी

पणजीहून. आम्ही अशा निविदा लिहितो, म्हणून शब्दांवर येते. 'प्रमाणित असावी' याऐवजी मी हे सुचवेन:

"सर्व्हरमधील नेटवर्क, स्टोरेज व रेड कंट्रोलर मुख्य लिनक्स कर्नलमधील ड्रायव्हरवर, बाहेरील मॉड्यूलशिवाय चालावेत. सर्व फर्मवेअर व्यवस्थापन पॅनलमधून, रेडफिश मानकाद्वारे अद्ययावत करता यावे. हार्डवेअर वॉरंटीचा दावा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कारणावरून नाकारता येणार नाही."

रेडफिश हे सर्व्हर दुरून सांभाळण्याचं २०१५ पासूनचं मानक आहे आणि मोठे सर्व्हर उत्पादक ते पाळतात. सर्व्हरवर कोणती ओएस आहे हे त्याला विचारावंच लागत नाही. लॅपटॉपसाठी एलव्हीएफएस आहे: कंपनी फर्मवेअर एकदाच तिथे ठेवते आणि फेडोरा, डेबियन, उबुंटू सगळे तिथूनच घेतात. हे सुरू केलं रिचर्ड ह्यूजेस यांनी, रेड हॅटमध्ये नोकरीला असताना. गणेशखिंड म्हणतात ती पगारी मेहनत खरीच आहे. फरक एवढाच की तिचा उपयोग एकाच डिस्ट्रोपुरता अडवून ठेवलेला नाही. मानक असावं तर असं, कंपनीने एकदा पाळलं की सगळ्यांना लागू.

अंबाझरी

मांडवी, यात माझी चाचणी घाला. पुरवठादाराने देयकाआधी त्याच मॉडेलवर डेबियन १३ चा अधिकृत इन्स्टॉलर आमच्यासमोर चालवून दाखवावा: डिस्क दिसली पाहिजे, चारही नेटवर्क पोर्ट चालले पाहिजेत, रीबूट झाल्यावर सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून मशीन उठलं पाहिजे. तासाभराचं काम आहे. कागदावरच्या प्रमाणपत्रापेक्षा मला हे जास्त चालेल.

गणेशखिंड

फाइल, मेल, वेब सर्व्हरसाठी हे कलम मला मान्य. वॉरंटीची ओळ तर आमच्याकडेही घ्यायला हवी. पण डेटाबेस आणि सामायिक स्टोरेजला जोडलेल्या सर्व्हरवर मी तसूभर हलणार नाही. तिथे रेडफिश पुरत नाही. मल्टीपाथच्या (स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक मार्गांच्या) सेटिंगपासून कार्डाच्या फर्मवेअरपर्यंत सगळी साखळी यादीत हवी, नाहीतर त्या रात्रीसारखा कॉल होणारच नाही.

वारणाकाठ

मग कलम दोन भागांत तोडतो. सामायिक स्टोरेजला जोडलेल्या सर्व्हरना उत्पादकाच्या सुसंगततेच्या यादीची अट राहील, बाकीच्यांना मांडवी यांचा मजकूर आणि त्याखाली अंबाझरी यांची चाचणी. आमच्या यादीत सामायिक स्टोरेजवाले दोनच आहेत.

गणेशखिंड, एक विचारायचं होतं. त्या दोन सर्व्हरसाठी अट लिहिताना स्टोरेज कंपनीची यादी धरायची की सर्व्हर कंपनीची? दोन्हींत कार्डाच्या फर्मवेअरची आवृत्ती वेगळी असली तर तुम्ही कोणती चढवता?