मदत हवी आहे : सूर्यावरचे डाग मुलांना कसे समजवावेत?

नमस्कार मंडळी,
रविवारी गच्चीवर सोसायटीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना सूर्य दाखवला. थेट नाही, तसं कधीच बघायचं नाही! दुर्बिणीच्या एका नळीवर झाकण ठेवून दुसरीतून येणारा प्रकाश पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतला. रुपयाएवढं लख्ख वर्तुळ, आणि त्यात तिळाहून बारीक दोन काळे ठिपके. एका मुलीने कचरा समजून बोटाने पुसून पाहिले. पुठ्ठा हलवला तरी ठिपके सूर्यावरच!

पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअस, डाग ३५०० च्या आसपास, म्हणून शेजारच्या झगझगाटापुढे काळे दिसतात, हे पटलं. पण ‘तेवढीच जागा थंड का?’ तिथलं जोरदार चुंबकीय क्षेत्र खालून उसळणारा उष्ण वायू अडवतं, असं सांगितलं आणि सगळ्यांचे चेहरे कोरे. उकळत्या दुधाचं उदाहरण वायू वर येण्यापुरतं चाललं, पण चुंबक वायूला कसा अडवेल हे काही केल्या गळी उतरेना.

घरच्या सामानात दाखवता येईल असा एखादा प्रयोग कुणी करून पाहिलाय का? शिक्षक मंडळींनी जरूर सांगा. येत्या रविवारी मुलं पुन्हा जमणार आहेत.