मुलांना स्नॉर्कलिंगची ओळख करून द्यायची आहे: बडोद्यातून तयारी कशी करावी?

रावपुऱ्यातील आई

नमस्कार. आम्ही बडोद्यात रावपुऱ्यात राहतो. गुजरातच्या शाळांना दिवाळीत २१ दिवसांची सुट्टी असते आणि या वर्षी त्यांतील काही दिवस मालवण-तारकर्लीला घालवावेत, असा घरात विचार चालू आहे. मुलगी ९ वर्षांची असून तिला पोहता येते. मुलगा ६ वर्षांचा आहे. तो हौसेने पाण्यात उतरतो, परंतु पाय तळाला टेकेनासे झाले की घाबरतो. पाण्याखालचे मासे पाहण्याचा हट्ट मात्र दोघांनीही धरला आहे. यजमान चांगले पोहतात, मला कामापुरते येते.

जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात सहलीच्या मुलांची नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हापासून आमच्या सासूबाई पाण्याच्या कोणत्याही बेताला नकार देतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. म्हणून विचारते की मुलांना स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालचे पाहणे, कोणत्या क्रमाने शिकवावे, त्यातील किती तयारी इथेच करता येईल, साहित्य विकत घ्यावे की तिथे मिळेल ते वापरावे, आणि सहा वर्षांच्या मुलाला समुद्रात उतरवणे मुळात योग्य आहे का? संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली मिळतात, त्यांत नाकानेही श्वास घेता येतो, त्यामुळे ते लहान मुलांना सोपे जातील असे दुकानदाराचे म्हणणे आहे.

निवृत्त जलतरण प्रशिक्षक, कारेलीबाग

ताई, सासूबाईंचा नकार अनाठायी नाही. हरणीच्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. म्हणजे तिथे दोष पाण्याचा नव्हता, काठावरच्या व्यवस्थेचा होता. स्नॉर्कलिंगमध्ये ती काळजी तर घ्यावीच लागते, पण त्याखेरीज आणखी एक धोका असतो, ज्याचा विचार पालक सहसा करत नाहीत.

तरणतलावात एखादे मूल तोंड पाण्यात घालून निश्चल तरंगताना दिसले, तर जीवरक्षक क्षणात उडी घेतो, कारण ते बुडण्याचे लक्षण आहे. स्नॉर्कलिंग शिकवताना आपण मुलाला नेमके तेच करायला सांगतो: तोंड पाण्यात, अंग सैल, हालचाल कमीत कमी. त्यामुळे मजेत मासे पाहणारे मूल आणि शुद्ध हरपलेले मूल यांतला फरक थोड्या अंतरावरून पाहणाऱ्याला कळत नाही. बुडणारे मूल एरवीही सहसा ओरडत नाही. तोंडात नळी असताना तर ते हाक मारूच शकत नाही. म्हणून इथे नजरेवर विसंबू नये, स्पर्शावर विसंबावे. एका मुलामागे चांगला पोहणारा एक मोठा माणूस हवा आणि त्याचा हात मुलाच्या हातात किंवा जॅकेटच्या पट्ट्यावर असावा. मोठ्याने हात दोनदा दाबायचा, मुलानेही दोनदा दाबून उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही, तर कारण शोधत न बसता आधी त्याचे डोके वर उचलायचे. खुणाही घरूनच पक्क्या कराव्यात. पाणबुड्यांच्या खुणांत अंगठा वर करणे म्हणजे ‘मला वर जायचे आहे’; ‘सर्व ठीक’ सांगायला अंगठा व तर्जनी जोडून वर्तुळ करतात. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता तयारीविषयी. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चेहऱ्याला चिकटून राहिला, तरच माप योग्य आहे. मोठ्यांचा मास्क पट्टा आवळून मुलाला बसवणे व्यर्थ असते, कारण गळती पट्ट्यामुळे थांबत नाही, कडा चेहऱ्यावर नीट टेकल्याने थांबते. कडेखाली एक बट जरी अडकली तरी पाणी आत येते. पोहण्याच्या गॉगलने नाक झाकले जात नाही, त्यामुळे तो या कामाचा नाही. मास्क आणि नळी मुलांच्या मापाची विकतच घ्यावी. सरावाचे साहित्य आणि समुद्रातले साहित्य एकच असले की मुलाचा निम्मा संकोच जातो.

पहिला सराव पाण्याविना, घरात करावा. मास्क व नळी लावून मुलाला खुशाल दूरदर्शनसमोर बसू द्यावे; नाक बंद असताना फक्त तोंडाने, सावकाश श्वास घेण्याची सवय तिथेच लागते. त्यानंतर टबात चेहरा बुडवणे, मग लालबाग किंवा सरदार बागेच्या तरणतलावात उथळ बाजूला उभे राहून वाकून श्वास घेणे, मग काठ धरून तरंगणे आणि सर्वांत शेवटी काठ सोडणे. तलावावर नळी वापरू देतात की नाही हे आधी विचारून घ्यावे.

खरा धडा मात्र पुढे आहे. नळीत पाणी शिरणारच, मास्कमध्येही थोडे झिरपणारच, आणि मुले घाबरतात ती याच दोन वेळी. म्हणून पाणी मुद्दाम शिरू द्यावे. नळीतले पाणी ‘फू’ करून एका जोरकस फुंकरीने बाहेर उडवणे आणि त्यानंतरचा पहिला श्वास जपून घेणे, कारण थोडे पाणी उरलेले असते, हे मुलाला झोपेतही जमावे. तसेच खोल बाजूला मोठ्या माणसाचा आधार असताना मास्क आणि नळी दोन्ही काढून पाठीवर उलटे होऊन तरंगता यावे. ज्या मुलाला हे शांतपणे जमते ते समुद्रासाठी तयार झाले असे मी मानतो, मग त्याचे वय काहीही असो. आपल्या मुलाचे पाय टेकत नाहीत तेव्हा तो घाबरतो, याचा अर्थ तो अजून तयार नाही. या दिवाळीत त्याला समुद्रात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांजलपूरकर

मला हे सर्व जरा अति वाटते. आम्ही सहकुटुंब गेलो होतो, तेव्हा नावेवरच्या मुलाने दहा मिनिटांत शिकवले आणि आमच्या चिरंजीवांनी मासे पाहिलेही. मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. त्यांच्या मनात भीती घालतात ते पालकच.

निवृत्त जलतरण प्रशिक्षक, कारेलीबाग

दादा, दहा मिनिटांत मूल शिकते हे खरे आहे. परंतु ते शिकते ते सर्व सुरळीत चालले असताना काय करायचे एवढेच. नावेवरची मुले समुद्राच्या कामात तरबेज असतात, याविषयी वाद नाही. मात्र एका वेळी चार-पाच पर्यटक त्यांच्या भोवती असतात आणि हात दोनच असतात.

बालरोगतज्ज्ञ, अलकापुरी

संपूर्ण चेहऱ्याच्या मास्कविषयी दुकानदाराचे म्हणणे ऐकू नये. कारण समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागेल. ३८ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर आतील व्यासाच्या नळीत सुमारे १२० मिलीलिटर हवा मावते. २० किलो वजनाचे मूल शांत असताना एका श्वासात साधारण १२० ते १६० मिलीलिटर हवा घेते. सोडलेल्या श्वासातील शेवटची, कार्बन डायऑक्साइडयुक्त हवा नळीत राहते आणि पुढच्या श्वासात तीच प्रथम आत जाते. म्हणजे मोठ्यांची नळी तोंडात असलेले लहान मूल उथळ श्वास घेऊ लागले, तर ताजी हवा त्याला जवळजवळ मिळतच नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला की धाप लागते, धापेने श्वास अधिक वेगाने व उथळ होतो आणि हे चक्र आवळत जाते. मुलांच्या मापाची आखूड, कमी व्यासाची नळी आणि सावकाश, खोल श्वास यांचे महत्त्व इथे आहे. चेहरा झाकणाऱ्या मास्कमध्ये ही अडकून राहणारी हवा आणखी वाढू शकते, आतली झडप नीट बसली नाही तर ती ठळकपणे वाढते. शिवाय आत पाणी शिरल्यास तोंडातून नळी थुंकून टाकण्याइतक्या सहजतेने तो काढता येत नाही. मुलांना तो देऊ नये.

कानांविषयीही काळजी घ्यावी. पाण्याखाली दर मीटरला सुमारे एक दशांश वातावरण इतका दाब वाढतो, त्यामुळे दोन मीटर बुडी मारली तरी मुलाचा कान दुखू शकतो. पहिल्या सहलीत पृष्ठभागावरच राहावे, बुड्या मारू देऊ नयेत. सर्दी असेल, कानाच्या पडद्याला छिद्र असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल, तर उतरू नये. दमा असणाऱ्या मुलाविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. फिट येण्याचा इतिहास असेल, तर मी स्वतः परवानगी देत नाही.

भावंडे सोबत असली की कोण जास्त वेळ श्वास रोखतो अशी शर्यत लागते. ती सक्त बंद असावी. भराभर दीर्घ श्वास घेऊन मग श्वास रोखल्यास शरीरातील कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की श्वास घेण्याची निकड वाटण्याआधीच ऑक्सिजन संपतो, आणि उत्तम पोहणारा मुलगाही कोणतीही चाहूल न देता बेशुद्ध होऊ शकतो.

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते आणि मुलांचे शरीर लहान असल्याने ती लवकर गारठतात. मालवणचे पाणी थंड नसले, तरी वीसेक मिनिटांनी बाहेर काढावे. ओठ निळसर दिसू लागले किंवा दात वाजू लागले, तर त्याआधीच. आणि एक महत्त्वाचे: मुलाच्या नाकातोंडात बरेच पाणी जाऊन त्याला ठसका लागला असेल, तर पुढचे काही तास त्याच्यावर लक्ष ठेवावे. खोकला थांबत नाही, श्वास जलद चालतो किंवा मूल अवेळी पेंगते असे दिसल्यास मुक्कामावर झोपवून न ठेवता थेट रुग्णालय गाठावे.

मूळ मालवणचा, आता गोत्री रोड

आमच्याकडे येण्याआधी पंचांग पाहावे, असे मी बडोद्याच्या सर्व मित्रांना सांगतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे नेमक्या दिवाळीत समुद्राला उधाण असते. भरती-ओहोटीचा फरक मोठा, ओढ जास्त आणि तळाची वाळू उठल्याने पाणीही गढूळ. अष्टमीच्या सुमारास भांग लागतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, तेव्हा पाणी संथ असते. आपली सुट्टी मोठी आहे, तेव्हा भाऊबीज घरी करावी आणि लाभपाचमीनंतर, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीनंतर, निघावे. पाणी खरे नितळ होते ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, परंतु भांगाचे दिवस साधले तर दिवाळीनंतरही निराशा होत नाही. (आपल्या खंभातच्या आखाताशी तुलना करू नये, तिथे गाळच इतका की स्वतःचा हातही दिसणार नाही.)

पर्यटकांना स्नॉर्कलिंगसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागात नेतात. सकाळी लवकर जावे, दुपारी वारा सुटतो. देवबागच्या संगमाजवळ, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्याला फसवी ओढ असते. दिसायला शांत असले तरी तिथे मुलांना उतरवू नये.

लाइफ जॅकेट बडोद्याहूनच न्यावे, कारण नावेवरची बहुतेक मोठ्यांच्या मापाची असतात. जॅकेट घालून मुलाला हात वर करायला सांगावेत आणि खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर निरुपयोगी आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले घ्यावे. हवा भरायच्या बाह्या आणि रबरी चक्र ही खेळणी आहेत. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल, तर चक्रातले मूल बघता बघता दूर जाते.

नावाड्याला भिडस्तपणा न करता विचारावे: नावेची क्षमता किती आणि आज किती जण बसणार, आम्ही पाण्यात असताना नावेवर कोण थांबणार, इंजिन बंद असेल ना. उत्तरे देताना कोणी त्रासला, तर पैसे परत न मागता निघून यावे. उतरल्यावर कशावरही उभे राहू नये आणि कशालाही हात लावू नये. खडकांत काटेरी समुद्री साळ्या असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असू शकतो. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचा तुकडा उचलून आणणे गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगावे. पालथे तरंगताना मान आणि पोटऱ्या भाजून निघतात, त्यामुळे लोशनचे थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे घालावेत. प्रवाळांनाही तेच बरे.

रावपुऱ्यातील आई

सर्वांचे मनापासून आभार. चर्चा सासूबाईंना वाचून दाखवली. नावाड्याला विचारायचे प्रश्न त्यांनी स्वतः लिहून घेतले आणि आपणही येणार असे जाहीर केले. लाभपाचमीनंतर निघायचे, मुलगी वडिलांचा हात धरून उतरेल, आणि मुलगा या खेपेस किनाऱ्यावर माझ्यासोबत गुडघाभर पाण्यात मास्क लावून पाहील, असे ठरले आहे. एक शंका राहिली: मुलीला उणे अडीचचा चष्मा आहे. मास्कमध्ये चष्मा बसत नाही, मग काय करावे?

बालरोगतज्ज्ञ, अलकापुरी

चष्म्याच्या दांड्या मास्कची कड उचलतात, त्यामुळे तो आत घालू नये. तयार नंबराच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असला तरी काचा वेगवेगळ्या घेता येतात. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ भासतात, म्हणून थोड्या कमी नंबराची काच बसवली तरी बहुधा भागते. लेन्स घालून मुलांना समुद्रात उतरवू नये, संसर्गाचा धोका असतो. मास्क मुलांच्या मापात मिळतो का हे आधी पाहावे आणि तलावावरचा सराव सुरू होण्यापूर्वीच तो मागवावा, म्हणजे तिला ऐन वेळी नव्या मास्कची सवय करावी लागणार नाही.