ग्रँड व्हिटारा: साधी घ्यावी की ऑलग्रिप?

ओढ्याकाठ
गाडी ठरलीय, पेट्रोल ग्रँड व्हिटारा. अडलंय ते साधी (पुढची दोन चाकं ओढणारी) की ऑलग्रिप (चारही चाकं ओढणारी) यावर. रोज कोल्हापुरात ताराबाई पार्क ते गोकुळ शिरगाव, महिन्यातून दोनदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकण, आणि दर आठवड्याला शेत. शेताआधी सातआठशे मीटर पाणंद आहे. काळी माती, मध्ये ओढा आणि त्याचा खडा चढ. गाडीत पाच माणसं, डिकीत खताची दोन पोती. शोरूमवाले म्हणतात, घाटात फोर व्हील पाहिजेच. खरंच पाहिजे का?

घाटमाथा
घाटासाठी म्हणून अजिबात नको. पक्क्या ओल्या रस्त्यावर चढायला दोन चाकं पुरतात. गाडी घसरते ती उतारावर, वळणात, ब्रेक दाबल्यावर, आणि ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. तिथं कामाला येतात टायर. कायद्याने टायरची खाच झिजून 1.6 मिमीपर्यंत आली तरी चालते, पण गगनबावड्याच्या पावसात जायचं तर 3 मिमीलाच टायर बदला. उतरताना दुसरा-तिसरा गियर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

बारदान
वरचं बरोबर आहे, पण इथं खरा विषय ओढ्याच्या चढाचा आहे. चढावर वजन मागं सरकतं. त्यात मागं तीन माणसं आणि पोती, म्हणजे पुढची चाकं आणखी हलकी, आणि साध्या गाडीत ओढायचं काम नेमकं त्यांच्याकडंच. मग ती जागेवर फिरतात आणि खड्डा करतात. ऑलग्रिपला लॉक मोड लावला की ताकद मागच्या चाकांनाही सतत जाते. मोड चढाच्या अलीकडंच लावायचा, रुतल्यावर नाही.

काळ्या मातीत मात्र फार आशा धरू नका. पन्नास पावलांत टायरच्या खाचा भरतात आणि चाक लिंपल्यासारखं गुळगुळीत होतं. मग चारही चाकं फिरतात आणि चारही घसरतात. शिवाय उसाच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिमी. चाकोरी त्याहून खोल असली की मधला उंचवटा पोटाला टेकतो. एकदा पोटावर बसली की सहा चाकं असती तरी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. लो रेंज (हळू पण जादा ताकदीनं ओढणारे गियर) पाहिजे असेल तर जिम्नी बघा, ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपला ती नाही.

उद्यमनगरी
खर्चाचंही बघा. 2022 ला गाडी आली तेव्हाचे मॅन्युअलचे अधिकृत आकडे: लिटरला साधी 21.11 किमी, ऑलग्रिप 19.38 किमी. ऑलग्रिपला मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफरचं (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या गियरच्या डब्यांचं) ऑइल वेगळं. सर्व्हिसला ते तपासलं का, हे विचारून घ्या, नुसत्या बिलावर जाऊ नका.

सगळ्यात महागात पडतं ते टायर. एकच फुटला म्हणून एकच नवा टाकला की घेर कमीजास्त होतो, चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि मागची जोडणी विनाकारण घासत, तापत राहते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांच्या जागा आपसात बदला आणि बदलायचे तर चारही एकदम. बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढायची नाही. चारही चाकं वर, सपाट ट्रकवरच.

ओढ्याकाठ
चढ फार तर वीस मीटरचा असेल. साधी घेतली तर जमवता येईल का?

बारदान
पावसाळ्यात पोती आणि मागची माणसं ओढ्याच्या अलीकडं उतरवा. टायरची हवा 33 पीएसआयवरून 22 वर आणा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) बंद करा (नाहीतर ऐन चढावर ते इंजिनची ताकद तोडतं) आणि दुसऱ्या गियरमध्ये न थांबता चढवा. तरी चाक फिरलं तर खाली येऊन गाडी वळवा आणि रिव्हर्समध्ये चढवा. मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. डिकीत दोन ओली बारदानं ठेवा, चाकाखाली घालायला. उसाचा वाळका पाला मात्र घालू नका. तो खाली तापलेल्या सायलेन्सरला अडकला तर पेट घेतो. डांबरीवर आल्यावर हवा परत 33 करा, तशीच हायवेला नेऊ नका.

एवढं दर आठवड्याला करायचा कंटाळा येणार असेल तर ऑलग्रिप घ्या.