ऑक्टाव्हिया आरएस, ऑडी आणि 'मुद्दाम छाटलेले पंख'

गिअरपेटी (धागालेखक)

कालच्या गप्पांमध्ये 'घाटमाथा' यांनी असे विधान केले की, स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसला, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या वेगवान आवृत्तीला, ऑल-व्हील ड्राइव्ह (ऊर्फ फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद) मिळत नाही याचे एकमेव कारण म्हणजे स्कोडा आणि ऑडी या दोन्हींचा मालक असलेल्या फोक्सवॅगन समूहाला ऑडी एस३, म्हणजे ए३ची वेगवान आवृत्ती, खपवायची आहे, आणि त्यामुळे आरएस घेणारा माणूस 'मुद्दाम पंख छाटलेल्या गाडीला पन्नास लाख मोजणारा भाबडा' ठरतो. हेच विधान दर काही महिन्यांनी कुणीतरी नव्याने करतो आणि त्याखाली '+१' चा पाऊस पडतो, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

समूहाला वेगवान गाडी फक्त ऑडीसाठीच राखून ठेवायची असती, तर फोक्सवॅगन गोल्फ आर ही गाडी अस्तित्वातच यायला नको होती. तिचे दोन लिटरचे इंजिन आणि एस३चे इंजिन एकच. सध्या दोन्हींची ताकद ३३३ अश्वशक्ती. दोन्हींना ऑल-व्हील ड्राइव्ह. त्याहून मजेची गोष्ट अशी की, मागच्या दोन चाकांमध्ये ताकद हवी तशी वाटून देणारी यंत्रणा गोल्फ आरला २०२० च्या अखेरीस मिळाली, तर एस३ला ती मिळायला २०२४ उजाडले. थोरल्या घराण्याच्या लेकीला धाकट्या घरातल्या मुलीनंतर चार वर्षांनी दागिना मिळत असेल, तर राखीव जागा नेमकी कोणती, हे घाटमाथा यांनी सांगावे.

राखीव असे काही जवळजवळ होते ते म्हणजे एस३च्याही वरच्या ऑडी आरएस३चे पाच सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन. फोक्सवॅगनने २०१४ मध्ये बीजिंगच्या प्रदर्शनात चारच सिलिंडरची, पण ४०० अश्वशक्तीची गोल्फ दाखवली होती, आणि ती कधीच बाजारात आली नाही. पण त्या कुंपणालाही पुढे भोक पडले, कारण २०२१ मध्ये आरएस३चे हेच पाच सिलिंडरचे इंजिन समूहाच्याच कुप्रा या ब्रँडच्या फोर्मेंटॉर गाडीच्या मर्यादित आवृत्तीत बसवले गेले.

माझ्या मते खरी भिंत इंजिनाच्या आकारात नसून त्याच्या मांडणीत आणि आतल्या सजावटीत आहे. ऑडीच्या ए४पासून वरच्या गाड्यांमध्ये इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते. ए३, गोल्फ आणि ऑक्टाव्हियामध्ये ते आडवे असते. ए३वर 'क्वाट्रो' (ऑडीचे ऑल-व्हील ड्राइव्हसाठीचे नाव) लिहिले, तरी आतली यंत्रणा गोल्फच्याच जातकुळीची असते.

भारतात तर ही सगळी विभागणी बंदरावर उलटीपालटी होते. २६५ अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण तयार स्वरूपात आयात होऊन आली आणि तिची शोरूम किंमत ४९.९९ लाख होती. १९० अश्वशक्तीची ऑडी क्यू३ आपल्या संभाजीनगरच्या शेंद्र्यात जुळवली जाते आणि तिची सुरुवातीची किंमत याहून कमी आहे. म्हणजे स्कोडा घेण्यासाठी ऑडीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. हा उपद्व्याप वोल्फ्सबुर्गच्या, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्यालयातल्या, कुणा कारस्थानी माणसाचा नाही, आपल्या आयात शुल्काचा आहे.

घाटमाथा

माझ्या नावाने आख्खा धागा निघाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. आता उत्तर.

आपण गोल्फ आरचे उदाहरण दिलेत आणि ऑक्टाव्हियाच्या प्रश्नाला अलगद बगल दिलीत. युरोपात साध्या ऑक्टाव्हियात २०४ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन फोर बाय फोरसह मिळते. चौथ्या पिढीच्या आरएसमध्ये २०० अश्वशक्तीचे डिझेल फोर बाय फोरसह मिळत होते. म्हणजे या सांगाड्याखाली मागच्या चाकांना ताकद देणारा आस बसतो, पेट्रोल इंजिनाबरोबरही बसतो आणि आरएसच्या बिल्ल्याबरोबरही बसतो. फक्त पेट्रोल आणि आरएस एकत्र आले की तो बसेनासा होतो. हा योगायोग असेल, तर मी उद्यापासून योगायोगावर श्रद्धा ठेवीन.

स्कोडाच्याच मोठ्या सुपर्बला २६५ अश्वशक्ती आणि फोर बाय फोर दोन्ही एकत्र देतात, कारण ती भारदस्त गाडी आहे आणि एस३चा गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्सची बातमी आली होती की, स्वस्तात तोडीस तोड गाड्या बनवणाऱ्या स्कोडाला आवर घालावा यासाठी फोक्सवॅगनमधलेच व्यवस्थापक आणि कामगार प्रतिनिधी प्रयत्न करत आहेत. ही बातमी काय मी घरी बसून रचली?

गिअरपेटी

बातमी खरी आहे, पण ती आपण अर्धीच वाचली. तक्रार फोक्सवॅगन या ब्रँडची होती, ऑडीची नव्हती. भांडण दोन मध्यमवर्गीय भावांमधले होते. त्यात श्रीमंत काकांना ओढून आणण्याचे कारण मला दिसत नाही.

वाळूजचा वाटसरू

मी संभाजीनगरचा आहे आणि माझ्या मामेभावाचे गॅरेज वाळूजला आहे, म्हणून थोडे प्रत्यक्षातले सांगतो. मागच्या दिवाळीत त्याच्याकडे एकाच दिवशी एक जुनी ऑक्टाव्हिया आणि एक ऑडी ए३ कामाला आल्या होत्या. त्याने दोन्हींची इग्निशन कॉइल (इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज देणारा भाग) काढून माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर फोक्सवॅगनचे वर्तुळ आणि ऑडीच्या चार कड्या असे दोन्ही शिक्के, खाली एकाच धर्तीचा आकड्यांचा क्रमांक, आणि स्कोडाचे नाव मात्र कुठेच नाही. मी विचारले की, मग दोन्ही मालकांच्या बिलात फरक का? तो हसला आणि म्हणाला, 'भाऊ, वरचा बिल्ला बघून बिल फाडतात.' यापलीकडे लक्झरीची व्याख्या मला कुणी समजावून सांगितलेली नाही.

न्यू जर्सीहून

आमच्या इकडे होंडा आणि तिचा आलिशान ब्रँड अक्युरा यांचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. २०२३ पासून सिव्हिक टाइप आर आणि अक्युरा इंटिग्रा टाइप एस या दोन गाड्यांत दोन लिटरचे तेच टर्बो इंजिन आहे. एकीची ताकद ३१५ आणि दुसरीची ३२० अश्वशक्ती. दोन्हींना फक्त सहा गिअरचा मॅन्युअल, दोन्हींची ताकद पुढच्याच चाकांना. किमतीत मात्र सात-आठ हजार डॉलरचा फरक.

मी दोन्ही चालवून पाहिल्या. सिव्हिकच्या मागच्या बाकावर मधोमध कप ठेवण्याची जागा करून तिसऱ्या माणसाची सोयच काढून टाकली आहे. इंटिग्रात पाच माणसे बसतात आणि पुढच्या आसनांना गरम करण्याची सोय आहे. माझी सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि त्यांनी एका वाक्यात निकाल दिला की, ज्या गाडीत मला मधे बसता येत नाही ती गाडी घ्यायची नाही. तेव्हा धागालेखकांचे म्हणणे मला पटते: ताकदीवर कुणी कुंपण घालत नाही, सोयींवर घालतात.

पिंपरी मोरवाडी

स्कोडा, अक्युरा वगैरे ठीक आहे, पण आपल्या पिंपरीतले उदाहरण कुणी का काढत नाही? टाटा मोटर्सकडे २००८ पासून जग्वार लँड रोव्हर आहे. जानेवारी २०१९ मध्ये हॅरिअर आली, तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी८ वरून घेतला असल्याचे जाहिरातीत ठळकपणे मिरवले, आणि फोर बाय फोर मात्र दिले नाही. त्याच काळात, वाचवण्यासाठी लँड रोव्हरसारखा आलिशान ब्रँड पदरी नसलेल्या महिंद्राने एक्सयूव्ही ५०० मध्ये ते दिले होते आणि पुढे एक्सयूव्ही ७०० च्या डिझेलमध्येही दिले. आता सांगा, घाटमाथा यांचे काय चुकले?

कामशेत बोगदा

असहमत, आणि थोडे चिडूनच असहमत. मी वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे आणि हॅरिअरला लिफ्टवर चढवून खालून पाहिले आहे. डी८ वरच्याच लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्टला मागे महागडी मल्टी-लिंक रचना आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे अनेक दांड्यांनी धरलेले. हॅरिअरला तिथे ट्विस्ट ब्लेड आणि पॅनहार्ड रॉड आहे, म्हणजे मागची दोन चाके जोडणारी एक तुळई आणि ती बाजूला सरकू नये म्हणून तिरपी लावलेली एक दांडी. ज्या ठिकाणी डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) आणि दोन अर्धे आस बसवायचे, त्या ठिकाणी ही तुळई आडवी येते. फोर बाय फोर द्यायचे म्हणजे मागचा सगळा भाग नव्याने बनवायचा, आणि ती किंमत १२.६९ लाखांपासून सुरू झालेल्या गाडीला झेपणारी नव्हती. डिस्कव्हरी स्पोर्टचा गिऱ्हाईक हॅरिअर पाहून परत फिरेल, ही भीती मुंबईत कुणाला वाटली असेल असे मला तरी वाटत नाही. दोन्हींच्या किमतीत काही पटींचे अंतर होते.

पिंपरी मोरवाडी

तुळई मुळात कुणी बसवली? आकाशातून पडली? आधी दार विटांनी बुजवायचे आणि मग म्हणायचे की, इथून जाता येत नाही, कारण भिंत आहे. आणि ताकदीचे काय? रांजणगावात बनणारे दोन लिटरचे डिझेल जीप कंपासमध्ये १७३ अश्वशक्ती देत होते आणि तेच इंजिन हॅरिअरमध्ये १४०. एकाच कारखान्याच्या दारातून दोन इंजिने निघतात आणि एकाला ३३ घोडे कमी, हे तुमच्या सुट्या भागांच्या धंद्यात कसे बसते?

कामशेत बोगदा

जीप हा टाटांचा ब्रँड नाही. तेव्हा 'स्वतःच्या लक्झरी ब्रँडला वाचवण्यासाठी ताकद कापली' या तुमच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून तुम्हीच दुसऱ्याच कंपनीची गाडी पुढे करता आहात, हे कृपया एकदा शांतपणे वाचा. वर, २०२० मध्ये हॅरिअरची ताकद १७० झाली. तेव्हा लँड रोव्हर बंद पडली होती का?

पिंपरी मोरवाडी

शांतपणे वाचण्याचा सल्ला चिडून लिहिणाऱ्याने देऊ नये. आणि २०२५ मध्ये हॅरिअर ईव्हीला दोन मोटर देऊन ऑल-व्हील ड्राइव्ह दिलेच ना? मग इतकी वर्षे ते 'झेपणारे नव्हते' म्हणजे काय?

कामशेत बोगदा

विजेच्या गाडीत मागच्या चाकांसाठी वेगळी मोटर टाकली की काम झाले. पुढून मागे दांडा न्यावा लागत नाही, गाडीच्या पोटातून बोगदा काढावा लागत नाही. शिवाय त्या गाडीला मागे मल्टी-लिंकच आहे, तुमची लाडकी तुळई नाही. हे दोन प्रश्न एक नाहीत. यापुढे मी यावर लिहिणार नाही.

साधा गिऱ्हाईक

आपण सगळे अभियंत्यासारखे बोलता आहात म्हणून माझा अनुभव सांगतो. मी एका शोरूममध्ये गेलो होतो. कंपनीचे नाव घेत नाही, आणि ती या धाग्यातली कोणतीच नाही. मी वेगवान आवृत्तीची चौकशी केली, तेव्हा विक्रेत्याने हलक्या आवाजात सांगितले की, साहेब, ती घेऊ नका, त्यापेक्षा आमच्याच समूहाच्या समोरच्या शोरूममधली आलिशान गाडी घ्या, त्यात माझे कमिशन बरे आहे. हे ऐकल्यावर मला कुणाचीही मांडणी, तुळई आणि अश्वशक्ती पटत नाही. भिंत असते, आणि ती विक्रेत्याच्या तोंडात असते.

गिअरपेटी

हॅरिअरच्या अवांतराने मूळ प्रश्न गिळला आहे, म्हणून परत रुळावर आणतो. घाटमाथा यांनी पेट्रोल आरएसच्या फोर बाय फोरचा जो मुद्दा मांडला, त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, हे मी मान्य करतो आणि त्यांनी त्याचा फार आनंद मानू नये. तरीही समूह तिला आवरतोय तो ऑडीसाठी की गोल्फ आरसाठी, हे त्यातून सिद्ध होत नाही. फोर बाय फोर आरएस आली, तर पहिला घाव गोल्फ आरवर बसेल, कारण डिकी मोठी आणि किंमत कमी.

वाळूजचा वाटसरू

एक गोष्ट दोघेही विसरलात. २०१७ मध्ये आलेली २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आमच्या शेंद्र्यातच जुळवली जात होती आणि किंमत होती सुमारे पंचवीस लाख. त्याच शेंद्र्यात तेव्हा ऑडी ए३ जुळवली जात होती, १.४ लिटर, १५० अश्वशक्ती, किंमत साडेतीस लाख. एकाच आवारात कमी पैशांत ८० घोडे जास्त मिळत होते आणि कुणीही ते थांबवले नाही. २०२० ची २४५ अश्वशक्तीची आरएस तयार आयात झाली, तर तिची किंमत एकदम ३५.९९ लाख. पंख कुणी छाटले ते या दोन किमतींच्या मधे शोधा.

घाटमाथा

वा! म्हणजे शेवटी पुरावा वाळूजहूनच यायचा होता. गोल्फ आरच्या मागच्या चाकांचा मुद्दा आणि हा २०१७ चा मुद्दा, दोन्ही मी मोठ्या मनाने मान्य करतो, आणि इतके मोठे मन मला वर्षातून एकदाच परवडते.

पण मग पुढचेही सांगा. ए३ भारतातून गेली. त्यानंतरच्या दोन्ही आरएस मोजून आणल्या, २०२० मध्ये दोनशे आणि २०२५ मध्ये शंभर, आणि त्या शंभरही नोंदणीतच संपल्या. ज्या गाडीला गिऱ्हाईक रांग लावतो, ती शेंद्र्यात पुन्हा जुळवायला कुणाची ना आहे? आयात शुल्काची, की क्यू३ विकणाऱ्याची?

गिअरपेटी

शंभर गाड्यांसाठी जुळणीची स्वतंत्र सोय उभारली, तर तिचा खर्च शुल्कापेक्षा जास्त होईल. पाच हजार गिऱ्हाईक आणून दाखवा, मी स्वतः शेंद्र्याला अर्ज घेऊन जातो.

घाटमाथा

पंचवीस लाखांत द्या, पाच हजार आणतो.