मराठी-हिंदी गोष्टींचे पत्ते: किती आणि कसे?

प्रश्न: चौथीतल्या चार मुलांसाठी मराठी-हिंदी मिसळून गोष्ट रचायचे पत्ते करायचेत. किती लागतील? शब्द छापावेत का?

उत्तर १: ५४ पुरेत: २४ नामं, १८ क्रियापदं, १२ जोडशब्द (वाक्यं जोडणारे). फक्त चित्रं छापा. शब्द दिसला की मुलं नुसती वाचून मोकळी होतात. ६३×८८ मिमीचे नऊ पत्ते एका ए-फोरवर बसतात, म्हणजे ३०० जीएसएमचे (जाड) सहा कागद.

उत्तर २: 'तरीही', 'म्हणून' यांचं चित्र कसं काढणार? जोडशब्द दोन्ही भाषांत छापाच. खरी अडचण लिंगाची. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. वाक्याच्या मध्येच भाषा बदलली की क्रियापद हमखास चुकतं. भाषा पूर्ण वाक्यानंतरच बदलू द्या.

उत्तर ३: 'शिक्षा', 'चेष्टा' हेही शब्दरूपात घाला. हिंदीत शिक्षण आणि प्रयत्न, मराठीत सजा आणि थट्टा. गोष्ट तिथेच वळण घेते!