फुजी आणि आसपास: नेमके अनुभव लिहा

जपानच्या फुजी डोंगराला जाऊन आलेल्यांनी आणि तिकडेच राहणाऱ्यांनी इथे भर घालावी. ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांचं पारणं’ वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठली गाडी, किती येन, घोळ कुठे होतो ते लिहा.

घाटवाट:
आधी ठरवा, बघायचा की चढायचा. दोन्हींचे हंगाम उलटे आहेत. चढाई जुलै ते १० सप्टेंबर, आणि नेमका तेव्हाच डोंगर खालून बहुतेक वेळ ढगात असतो.

चढायच्या चार वाटा आहेत. त्यातल्या योशिदा वाटेने साधारण २३०० मीटरवरच्या पाचव्या स्थानकापर्यंत (स्थानक म्हणजे वाटेवरचा टप्पा) बस जाते. तिथून ३७७६ मीटरचा माथा सहाएक तासांवर. २०२५ पासून चारही वाटांना माणशी ४००० येन पडतात, आणि दुपारी २ ते पहाटे ३ पर्यंत वर सोडत नाहीत. सूर्योदय माथ्यावरून बघायचा तर वरच्या एखाद्या निवाऱ्यात आधी जागा राखून ठेवाच, ती असेल तर फाटकावर अडवत नाहीत. योशिदावर दिवसाला ४००० माणसांची मर्यादाही आहे.

सिंहगड पाऊण तासात चढणाऱ्यांना इथे हमखास डोकं धरतं. कारण दम नव्हे, उंची. बसमधून उतरल्यावर तासभर तिथेच काढा, पाणी पीत राहा, मग निघा.

रानवारा:
घाटवाट, उताराचं राहिलं. योशिदाची उतरायची वाट वेगळी आहे आणि आठव्या स्थानकाजवळ तिला सुबाशिरीची, म्हणजे चारांतलीच दुसरी, वाट फुटते. पिवळी पाटी योशिदा, लाल पाटी सुबाशिरी. धुक्यात लोक पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतात आणि डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरतात. तिथून परत यायला बस बदलत अर्धा दिवस जातो.

सगळा उतार म्हणजे लाव्ह्याच्या बारीक खड्यांचा घसारा. टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकलेले. बुटांवर गेटर (खडे आत जाऊ न देणारं कापडी आवरण) नसतील तर दर दहा मिनिटांनी बूट झटकत बसाल. धुळीसाठी मास्क हवाच. १०० येनची नाणी भरपूर ठेवा, वरच्या शौचालयांना दर खेपेला २००-३०० येन लागतात. ऑगस्टातही पहाटे माथ्यावर पारा पाच-सहा अंशांवर असतो, वर वारा. विंडचीटर आणि हातमोजे न्या.

तळ्याकाठी:
नुसता बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी, सकाळी नऊच्या आत. टोकियोतल्या शिंजुकूहून फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिको तळ्याची बस दोनेक तासांत पोचते, पण शनिवार-रविवारी वाहतूक तुंबली की वेळेचा भरवसा नाही. थेट रेल्वेही आहे, आसन आरक्षण सक्तीचं. जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) वाटेतल्या ओत्सुकीपर्यंतच चालतो, पुढचं भाडं वेगळं. हे न वाचता बसणारे फार.

फुजीच्या फोटोंत दिसतो त्या चुरेइतो पॅगोडासाठी शिमोयोशिदा रेल्वे स्थानकावर उतरा, सुमारे ४०० पायऱ्या आहेत. तिथून फुजी नैर्ऋत्येला, त्यामुळे सकाळी ऊन डोंगरावर पडतं. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि फोटोत नुसती करडी सावली उरते.

कातळशिल्प:
फुजीच्या पायथ्याचं आओकिगाहाराचं जंगल चुकवू नका. ते ८६४ सालच्या उद्रेकातल्या लाव्ह्यावर उभं आहे. त्याच लाव्ह्याने एक मोठं तळं बुजवलं, उरले त्याचे तुकडे म्हणजे आजची साइ आणि शोजी तळी. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच बेसाल्ट, पण वय जेमतेम साडेअकराशे वर्षं. माती इतकी पातळ की झाडांची मुळं खाली न जाता दगडावरूनच पसरलेली दिसतात. तिथल्याच नारुसावाच्या बर्फगुहेत एका जागी अक्षरशः उकिडवं होऊन सरकावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनी बाहेरच थांबावं.

साधाभात:
हाकोने आणि कावागुचिको एका दिवसात कोंबू नका, मध्ये गोतेम्बाला बस बदलावी लागते. हाकोनेतल्या ओवाकुदानी या ज्वालामुखी दरीचा रोपवे वारा किंवा गंधकी वायू वाढला की बंद होतो, निघण्यापूर्वी चौकशी करा. दमेकऱ्यांनी तिथे जाऊच नये.

शाकाहारींनो, ‘होतो’ या भोपळा घातलेल्या जाड नूडल्स दिसायला निर्धोक, पण रस्सा बहुधा माशाचा असतो. पाचव्या स्थानकावरही भरवसा नको. थेपले, चिवडा आणि गुळाच्या वड्या टोकियोतूनच सोबत घ्या.