चित्रकाराला बक्षीस नको, पुढे शिकायला पैसे द्या

जलरंग (धागा):
कला महाविद्यालयातून बाहेर पडलं की चित्रकाराचं शिक्षण संपलं, असं आपण धरून चालतो. पुढे राज्य कला प्रदर्शनात एखादं बक्षीस मिळालं तर मिळालं, नाहीतर ज्याचं त्याने बघावं. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाला आहे, महिना ५,००० रुपये. २५ ते ४० साठी ज्युनियर फेलोशिप, महिना १०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या, पैसे सहामाही हप्त्यांनी, आणि रांगेत गायक, नर्तक, नाटकवालेही उभे. दहा हजारांत मुंबईत स्टुडिओचं भाडंसुद्धा निघत नाही.

चित्रकार रझा १९५० साली पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. चित्रकार गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर फेलोशिपवर. आपल्या थोर चित्रकारांच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च परक्यांनी उचलला, ही गोष्ट मला लागते.

माझं म्हणणं, राज्याने यासाठी वेगळा निधी ठेवावा. नवं माध्यम शिकायला, कामाचे नीट फोटो काढून घ्यायला, गॅलरीचा करार समजून घ्यायला. विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मा, गॅलरीकडे जातो. फ्रेमिंग आणि वाहतूक कोणाच्या खिशातून, न विकलेली चित्रं परत कधी मिळणार, हे विचारायचं असतं हेच मुलांना ठाऊक नसतं.

करदाता:
ठाम विरोध. नेदरलँड्समध्ये सरकार गरजू चित्रकारांना पैसे देऊन बदल्यात चित्रं घेत असे. गोदामं भरली, चित्रं बघायला कोणी नाही. शेवटी १९८७ मध्ये योजना गुंडाळली. आपल्याकडे कित्येक शाळांत कलाशिक्षक नाही. आहे तो पैसा तिथे जाऊ दे, शेकडो मुलं तरी शिकतील. प्रौढ माणसाने आपल्या धंद्याचं शिक्षण आपल्या पैशाने घ्यावं. सुतार घेतो, वकील घेतो.

जलरंग:
@करदाता, डच सरकार चित्रं घेत होतं. मी चित्रं घ्या म्हणत नाही, शिकू द्या म्हणते. आयर्लंडने २०२२ पासून २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो दिले, बदल्यात एकही चित्र मागितलं नाही. आणि शाळेतल्या कलाशिक्षकाला तरी त्याच्या हातातलं काम ताजं ठेवायला कोण मदत करतं?

आम्लपट्टी:
मी प्रिंटमेकिंग, म्हणजे प्लेटवरून कागदावर चित्र छापायची कला, शिकलोय, सांगलीत राहतो. मला तुम्ही महिना वीस हजार दिलेत तरी माझी अडचण सुटत नाही. एचिंगला, म्हणजे आम्लाने धातूच्या प्लेटवर रेषा कोरून छापायला, प्रेस लागतो, दाब देणारं छपाईयंत्र. झिंकची प्लेट घरी घासता येते, पण आम्लात बुडवायची कुठे? त्या वाफा काय असतात, हे बंद खोलीत काम केलेल्यालाच कळेल. आणि शाई भरून, पुसून, ओला कागद टाकला तरी वर फेल्ट (जाड लोकरी कापड) पसरून दाब द्यायला रोलर नसेल तर सगळं फुकट. महाविद्यालय सुटलं त्या दिवशी माझा प्रेस सुटला. वर्गातल्या बहुतेकांनी ॲक्रिलिक रंगांचं काम धरलं, ते आवडीने नव्हे.

चित्रकार अकबर पदमसींना १९६९ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप उभं केलं. कॅमेरा होता, डार्करूम होती, आणि चित्रकारांबरोबर सिनेमावालेही येत. नुकत्याच जे.जे.तून बाहेर पडलेल्या नलिनी मालानी यांनी तिथे फोटो आणि फिल्मवर हात चालवला. पुढे त्यांनी व्हिडिओत केवढं काम केलं! एका माणसाच्या फेलोशिपवर इतक्या जणांचं शिक्षण झालं. म्हणून निधी माणसांना वाटू नका, जिल्ह्याजिल्ह्यात अशा जागा करा.

करदाता:
जागेला माझी हरकत कमी आहे. निदान ती दिसते, मोजता येते. पण निवड समिती आली की ओळखीपाळखी आली, आणि जिल्ह्याच्या जागेला वर्षभरात कुलूप लागतं. प्रेस दुरुस्त करायला माणूस कोण ठेवणार?

आम्लपट्टी:
पगारी तंत्रज्ञ ठेवा, तोही निधीतून. हाताशी काम नसलेले प्रिंटमेकर आहेतच की.

जलरंग:
जागा हव्यातच, यात वाद नाही. पण सांगलीच्या प्रेसवर मिरजेहून येणारी बाई आठवडाभर शिकवण्या बुडवून येणार, घरी लहान मूल. तिच्या त्या आठवड्याची भरपाई कोण देणार? प्रेस मिळाला आणि तिला येताच आलं नाही, तर तो पुन्हा त्याच चार मोकळ्या माणसांचा होईल. म्हणून मी पैसे माणसाच्या हातात द्या म्हणतेय, आणि ते सहा महिन्यांनी नको, दर महिन्याला.